श्रद्धास्थाने आणि शेजारचा कारागीर

लघुउद्योगांचा प्रश्न निघाला की चर्चा भांडवलापाशी येऊन थांबते. कर्ज, वीज आणि जागा मिळाली की उद्योग उभा राहील, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः कुंभार, विणकर किंवा घाणीवर तेल काढणारा तेली अनेकदा बुडतो तो कर्जाअभावी नव्हे, तर गिऱ्हाइकाअभावी. जाहिरातीसाठी त्याच्यापाशी पैसा नसतो आणि एका दुकानापलीकडे त्याचे नाव पोचत नाही. अशा माणसाला गिऱ्हाईक कोण मिळवून देणार?

जेथे माणसे नियमाने एकत्र येतात आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतात, अशी स्थाने समाजात थोडीच असतात. चर्च, मंदिर, दर्गा ही त्यांतली प्रमुख होत. अमेरिकेतील एडना रूथ बायलर या मेनोनाइट पंथाच्या बाईंनी 1946 मध्ये पोर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम विकत घेतले आणि ते आपल्या ओळखीच्या व चर्चच्या महिला मंडळांत विकले. त्यांनी देणगी मागितली नाही; गिऱ्हाईक शोधले. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही न्याय्य व्यापाराची संस्था वाढली. महाराष्ट्रात वसईला मोन्सेन्यॉर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने 1918 मध्ये सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक होय. पतपुरवठ्याचा मूळ आधार परस्परविश्वास हा असतो आणि तो तेथे चर्चभोवतीच्या समाजात आधीपासून होता.

या विचाराला वर्धा परकी नाही. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेली मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले हे गृहस्थ श्रद्धेने ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तसाच चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरही लिहिला. त्यांच्या मते खरेदी ही निव्वळ किमतीची बाब नव्हे. वस्तू ज्या परिस्थितीत तयार झाली, तिच्या बऱ्यावाईटाचा वाटेकरी गिऱ्हाईकही असतो. गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये उघडलेले मगन संग्रहालय याच दृष्टीचे मूर्त रूप होते. कारागिराची अवजारे आणि त्याची वस्तू ही दोन्ही तेथे लोकांच्या नजरेसमोर आली.

याच वर्ध्यात 1928 मध्ये जमनालालजींनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. धर्मस्थानाच्या दाराने समाज बदलू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या दाराने बाजारही बदलू शकेल काय, हा आजचा प्रश्न आहे.

केळझरला गणपतीच्या दर्शनाला भाविक येतात, गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांच्या दर्ग्याला सर्व धर्मांचे लोक जातात, चर्चमध्ये दर रविवारी मंडळी जमते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव मिळते. गिऱ्हाईक मात्र शोधावेच लागते. प्रसादाचे तेल गावच्या घाणीचे, भंडाऱ्यातली हळद वायगावची, सणाच्या पणत्या जवळच्या कुंभाराच्या आणि चर्चच्या आवारात महिन्यातून एकदा कारागिरांचा छोटा बाजार, एवढे ठरविण्यास कोणत्याही शासकीय योजनेची गरज नाही. मागणी निश्चित असली की तेली हंगामात स्वस्त असतानाच जवस आणि तीळ भरून ठेवू शकतो. पडेल भावाने माल काढण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. मात्र पैसे वेळेवर चुकते झाले पाहिजेत. संस्थेच्या उधारीने छोटा माणूस जितका बुडतो, तितका स्पर्धेनेही बुडत नाही.

तथापि दोन धोके नजरेआड करून चालणार नाही. दयेपोटी केलेली खरेदी एकदाच होते. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येते ते मालाच्या गुणामुळे. म्हणून संस्थेने वजन, शुद्धता आणि भाव यांबाबत काटेकोर राहावे. तेच कारागिराच्या हिताचे आहे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘आपल्या धर्माच्याच माणसाकडून घ्या’ असे एकदा सुरू झाले की मदतीचे रूपांतर बहिष्कारात होते. मग शेजारचा विणकर केवळ परधर्मीय म्हणून उपाशी राहील आणि बाजारपेठेचेही तुकडे पडतील. निकष शेजाराचा असावा, पंथाचा नसावा. कुमारप्पा ख्रिस्ती असूनही मगनवाडीत त्यांनी काम केले ते साऱ्या खेड्यांसाठी.

दानपेटीत पडलेला रुपया कारागिराची एका दिवसाची भूक भागवील. तोच रुपया त्याच्या मालासाठी नियमाने मोजला गेला, तर मुलाला हाच धंदा शिकवावा की गाव सोडून जाण्यास सांगावे, हे ठरविताना त्याच्यापुढे निदान दोन वाटा तरी राहतील.