हेडलाइटचे छायाचित्र आणि कॅमेऱ्याची साक्ष

मोटारसायकलीला अधिक प्रखर बल्ब बसविला, की जुन्या-नव्या प्रकाशाची छायाचित्रे घेऊन ती ताडून पाहावीत, असे स्वारास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळदा दोन्ही चित्रे सारखीच उजळ येतात आणि केलेला खर्च व्यर्थ गेल्यासारखे वाटते. हा दोष बल्बचा असेलच असे नाही. बहुधा तो कॅमेऱ्याच्या चतुराईचा असतो.

स्वयंचलित कॅमेरा, मग तो मोबाइलमधील का असेना, समोरचा उजेड आधी अजमावतो. उजेड कमी असल्यास तो अधिक वेळ प्रकाश घेतो, जास्त असल्यास कमी वेळ. चित्र मध्यम उजळ यावे, एवढाच त्याचा हेतू. एरवी हा गुणच. पण तुलनेच्या कामी जो फरक पाहावयाचा, तोच त्यामुळे पुसला जातो. एके काळी वडोदऱ्यास तयार होणाऱ्या आग्फाच्या 'क्लिक ३' या साध्या कॅमेऱ्यास असले शहाणपण नव्हते. उजेड कमी पडला तर चित्र काळे, जास्त झाला तर पांढरे. या एका बाबतीत तो अधिक प्रामाणिक होता.

हा प्रामाणिकपणा आजच्या कॅमेऱ्यातही आणता येतो. दिव्याकडे कॅमेरा रोखल्यास केवळ पांढरा डाग उमटतो. म्हणून दिव्याचे नव्हे, तर भिंतीवर पडलेल्या झोताचे चित्र घ्यावे. अंधार पडल्यावर, मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर, फिकट भिंतीपासून ७-८ मीटरवर गाडी सरळ उभी करावी व स्वार वर बसलेला असावा. कॅमेरा शेजारी स्टुलावर टेकवावा आणि टायमर लावावा, म्हणजे हात हलण्याची भीती नाही. मोबाइलमधील 'प्रो' विभागात आयएसओ १०० आणि वेळ सेकंदाचा १/१५ भाग ठेवून, अधिक प्रखर बल्बवर आधी चाचणी घ्यावी. झोताचा मध्य कोरा पांढरा पडला, तर वेळ घटवावा. रंगाची जुळणीही एकच ठेवावी. नाही तर हॅलोजनचा पिवळेपणा कॅमेरा परस्पर झाकून टाकतो. मग बल्ब बदलावा, पण मापे बदलू नयेत. काही जुन्या गाड्यांत इंजिनाच्या वेगाबरोबर प्रकाशही कमी-जास्त होतो. तेथे इंजिनाचा वेगही सारखाच हवा.

अशी जोडचित्रे आणखी एक गोष्ट सांगतात. मंद झोताची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली असावयास हवी. नव्या बल्बचा प्रकाश तिच्यावर सांडत असेल, तर तो रस्त्यावर नव्हे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागण्याची सोय सक्तीची झाली. सदैव जळणाऱ्या दिव्याची पारख केवळ प्रखरतेवरून करणे म्हणूनच पुरेसे नाही. प्रकाश किती, याबरोबरच तो कोठे पडतो, हेही चित्रात पाहावे.