बर्फाची वाट वळविणारे गाव

आइसलंड बेटाच्या वायव्य भागात, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस, फ्लातेइरी हे कोळ्यांचे लहानसे गाव आहे. अरुंद खाडीत शिरलेल्या एका भूशिरावर ते वसले आहे. समोर समुद्र आणि पाठीशी उंच डोंगर, अशी त्याची रचना आहे.

महासागरावरची बाष्पयुक्त हवा व उत्तरेचे अतिशीत वारे यांची येथे गाठ पडते. त्यामुळे हिवाळ्यात विपुल हिमवर्षाव होतो. त्यातच वादळी वारा डोंगरमाथ्यावरील हिम उडवून कड्याखालच्या घळींत लोटतो. तेथे थरांवर थर साचतात. त्यांचा भार असह्य झाला, की सारी रास एकाएकी निसटते आणि प्रचंड वेगाने खाली झेपावते. यालाच हिमस्खलन म्हणतात.

२६ ऑक्टोबर १९९५ रोजी पहाटे गाव झोपेत असता असेच हिम कोसळले. सुरक्षित मानलेल्या भागातील घरेही त्याखाली गाडली गेली आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. रस्ते बर्फाने बुजले होते. तेव्हा मदतीची पथके जहाजांतून आली.

पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून काय करावे? हिम पडणे माणसाच्या हाती नाही. परंतु त्याची वाट वळविता येते. होडीची नाळ पाणी कापते, तेव्हा ते दोन्ही बाजूंस फाकते. त्याच रीतीने डोंगराकडे टोक केलेले दोन तिरपे बांध गावाच्या वरच्या अंगास घालण्यात आले. माती व दगडांचे हे बांध १५ ते २० मीटर उंच आहेत. १९९८ साली ते पूर्ण झाले. १९९९ व २००० साली कोसळलेले हिम त्यांनी गावाबाहेर वळविले.

१४ जानेवारी २०२० च्या रात्री मात्र दोन्ही घळींतून हिम आले. बरेचसे वळले, तथापि काही बांध ओलांडून एका घरात शिरले. त्यात गाडली गेलेली एक मुलगी सुदैवाने जिवंत सापडली. वळलेले हिम बंदरात घुसले आणि तेथील नौकांची नासाडी झाली.

बांध घातला म्हणजे काळजी संपली, असे नाही. म्हणूनच आजही तेथे हिवाळ्यात डोंगरावरील हिमाचे निरीक्षण केले जाते, आणि धोका दिसताच माणसांना सुरक्षित स्थळी हलविले जाते. बांधाइतकीच ही जागरूकता गावाचे रक्षण करते.