दोन मापांचे दूरध्वनि-मार्ग

पालघर आणि बोईसर यांच्या मध्यें उमरोळी हें लहानसें स्थानक आहे. तेथील एखाद्या घरांतून आईनें शिकागोस असलेल्या मुलाला दूरध्वनि केला, म्हणजे तिच्या शब्दांना समुद्राखेरीज आणखी एक सीमा ओलांडावी लागे. भारतांतील आंकडी दूरध्वनि-मार्ग एका मापाचे, अमेरिकेंतील दुसऱ्या मापाचे. मनमाडास एके काळीं रुंदमापी आणि मीटरमापी रूळ एकत्र येत, व माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. तसाच हा प्रकार. मात्र येथें माल म्हणजे माणसाचा आवाज. तो वाटेंत नासून चालत नाहीं.

आवाजाचे आंकडे होतात कसे? बोलतांना तारेंत उठणाऱ्या विद्युल्लहरीची उंची सेकंदास ८,००० वेळां मोजतात, आणि प्रत्येक माप शून्य व एक यांच्या आठ अंकांत लिहितात. एका बोलण्यास सेकंदाला ६४,००० अंक लागतात ते यामुळें. ॲलेक रीव्हज् या इंग्रज एंजिनिअरानें ही कल्पना १९३८ सालीं फ्रान्समध्यें नोंदविली.

येथवर दोन्ही पद्धतींचें एकमत आहे. मतभेद पुढें होतो. एकाच मार्गावरून अनेकांचे अंक पाळीपाळीनें धाडतात. अमेरिकेंत १९६२ सालीं सुरू झालेल्या पद्धतींत एका फेरींत २४ बोलणीं, आणि फेरीची सुरुवात ओळखावी म्हणून एक जादा अंक; सेकंदाला एकूण १५,४४,००० अंक. युरोपांत रुळलेल्या व भारतानें स्वीकारलेल्या पद्धतींत फेरीला ३२ जागा. त्यांतील एक फेरी ओळखण्यास व एक बहुधा घंटा, क्रमांक इत्यादि निरोपांस राखलेली. उरलेल्या तिसांत बोलणीं. ही गति २०,४८,००० अंकांची.

सुदैवानें फेऱ्या दोहोंकडे सेकंदास ८,०००च आहेत. म्हणून यंत्र एका फेरींतील आठ अंकांचा गट उचलून दुसरीच्या रिकाम्या जागीं ठेवूं शकतें. चार भारतीय मार्गांवरील १२० बोलणीं पांच अमेरिकन मार्गांवर बरोबर बसतात.

परंतु जागा बदलल्यानें काम संपत नाहीं. सराफाचा तराजू गुंजेचा फरक दाखवितो, वखारीचा काटा दाखवीत नाहीं. दूरध्वनींतहि हळू आवाजास बारीक आणि मोठ्या आवाजास ठोकळ माप लावतात. ह्या मापाच्या पायऱ्या भारतांत व युरोपांत एका नियमाच्या, अमेरिकेंत व जपानांत दुसऱ्या. एकीकडचे अंक दुसरीकडे तसेच वाचले, तर जोडणी मिळते, घंटा वाजते, पण आईचा आवाज खरखरीत व ओळखूं न येण्याजोगा होतो.

म्हणून प्रत्येक अंकगट कोष्टकाप्रमाणें बदलावा लागतो. प्रत्येक बदलांत आवाजाची किंचित् झीज होते. यास्तव तो एकदांच व्हावा हें बरें. तो कोणीं करावा याचाहि आंतरराष्ट्रीय निर्णय झालेला आहे: अमेरिकन पायऱ्या वापरणाऱ्या देशानें. भारतांतून निघालेला आवाज भारतीय मापांतच समुद्र ओलांडी.

ह्याच मार्गानें संगणकाची आंकडी माहिती थेट धाडावयाची असेल, तर मात्र हें रूपांतर बंदच ठेवावें लागे. आवाजांतील अल्प फरक कान सोसतो. हिशेबांतील एक बदललेला आंकडा सर्व हिशेब बिघडवितो.

आतां पुष्कळसें संभाषण इंटरनेटच्या वाटेनें जातें, आणि जुने मार्ग मागें पडत आहेत. तरी त्या दोन्ही मापांचे नियम अद्याप वापरांत आहेत. उमरोळीच्या आईला त्यांतील कांहींच ठाऊक नसतें. पलीकडून मुलानें पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला, कीं रूपांतर बरोबर झालें.