विजेच्या डोंगरी सायकलीचे चापल्य

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गावानजीकच्या डोंगरावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी सायकलींची एक शर्यत लावली. उतार असा, की सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली यावयाचे. सायकली म्हणाल तर कित्येक दशकांपूर्वीच्या, जाड टायरांच्या, वीस किलोंच्या आसपास भरणाऱ्या. पेडल उलटे दाबले म्हणजे लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक उतारावर इतका तापे, की हबमधील वंगण जळून जाई व ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेस ‘रीपॅक’ हे नाव पडले. चढावर ही धुडे पायांनी नेणे कठीण. म्हणून ती पुष्कळदा ट्रकात घालून माथ्यावर नेत. पुढे १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडविली, आणि तेव्हापासून कारागिरांचा सारा खटाटोप वजन उतरविण्याकडे लागला.

विजेची मोटर आली आणि चक्र उलटे फिरले. मोटर, बॅटरी व ती दोन्ही पेलणारी भक्कम फ्रेम मिळून पूर्ण शक्तीच्या विजेच्या डोंगरी सायकलीचे वजन आज बावीस ते पंचवीस किलो भरते. म्हणजे मरिनच्या त्या जुन्या धुडांइतकेच, किंबहुना अधिक. फरक इतकाच, की ट्रकाचे काम आता मोटर करते. मौज अशी, की सारख्याच वजनाच्या दोन सायकलींपैकी एक स्वाराच्या कमरेच्या हिसक्यासरशी उडी घेते, वळणावर अंग टाकते. तर दुसरी जड रेड्याप्रमाणे धरली वाट सोडीत नाही. वजनकाट्यावर दोघींत भेद नसता हा फरक येतो कोठून?

वजन किती, यापेक्षा ते कोठे बसविले आहे, यात याचे पहिले उत्तर आहे. खांद्यावर भरलेली कावड घेतलेल्या मनुष्यास एकदम मागे वळावयास सांगावे. तो सावकाशच वळेल. तेच पाणी पखालीत भरून पाठीशी घट्ट बांधले, तर तो सहज गिरकी घेईल. ओझे तेच; परंतु वळणाच्या आसापासून ते जितके दूर, तितका त्याचा वळण्यास विरोध अधिक, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार किलोंची बॅटरी सायकलीच्या गुरुत्वमध्यापासून चाळीस सेंटिमीटरांऐवजी वीस सेंटिमीटरांवर आणली, तर तिच्या वाट्याचा विरोध निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणून जाणते कारागीर मोटर पेडलांच्या आसाशी ठेवतात व बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीत, होईल तितकी मोटरीजवळ सरकवितात. जी बॅटरी नळीत वरवर, हॅन्डलाच्या मानेपर्यंत चढते, ती सायकलीची कावड करून टाकते. ओझे खाली असण्याचा आणखी एक लाभ आहे. स्वार आपले अंग स्थिर ठेवून सायकल डावी-उजवीकडे कलती करतो, तेव्हा ती टायर जेथे जमिनीस टेकते तेथून झुकते. वजन जमिनीलगत असले, म्हणजे हे झुकविणे हलके पडते.

दुसरी गोष्ट पेडलांच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या अंतराची. पुढचे चाक उचलण्यासाठी स्वार आपले अंग मागे टाकतो, तेव्हा मागचा आस हा टेकू होतो आणि सारी सायकल तरफ. टेकू पायांजवळ असेल तर थोडक्या हिसक्याने पुढचे चाक वर येते. लांब असेल तर स्वार कितीही मागे रेलला तरी ते जमीन सोडीत नाही. साध्या डोंगरी सायकलीत हे अंतर सुमारे ४३० ते ४४० मिलिमीटर असते. विजेच्या आरंभीच्या पुष्कळ सायकलींत ते ४५० च्या पुढे गेले. याचा सारा दोष कारागिरांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. मोटरीस जागा हवी होती, मागील रुंद टायरासही हवी होती. शिवाय खड्या चढावर मोटरीचा जोर पडताच आखूड शेपटाची सायकल पुढचे चाक आपण होऊन उचलू लागते आणि स्वार तोल सांभाळता सांभाळता बेजार होतो. चढासाठी लांब शेपूट बरे, उतारासाठी आखूड. या ओढाताणीतून काहींनी अशी वाट काढली, की पुढे २९ इंची व मागे साडेसत्तावीस इंची चाक बसवावयाचे. मोठे चाक दगडधोंड्यांवरून सुखाने जाते. लहान चाक शेपूट आखूड करू देते, आणि मागे रेललेल्या स्वाराच्या बैठकीस ते घासत नाही.

चाकांचा विषय निघालाच आहे, तर टायरांविषयी एक शब्द. भारी सायकलीस जाड टायर लागतात हे खरे. पण चाकाच्या कडेवरील वजन एकाच वेळी पुढेही जाते व गरगरही फिरते, म्हणून वेग वाढविताना ते जवळजवळ दुप्पट मोजावे लागते. फ्रेममध्ये शंभर ग्रॅम वाचविण्यासाठी पैसा ओतणारा गिऱ्हाईक टायर निवडताना निष्काळजी असतो, हे नवल आहे.

यात प्रश्न केवळ मौजेचा नाही. अरुंद वाटेवर भिजलेले झाडाचे मूळ आडवे आले, तर पुढचे चाक क्षणात उचलता आले पाहिजे. ते न उचलले तर स्वार हॅन्डलावरून पुढे फेकला जातो. ज्यांच्या गुडघ्यांनी चढ सोडून दिला होता, असे वयस्क लोक मोटरीमुळे पुन्हा डोंगरावर येऊ लागले आहेत. चढ तिने सोपा केला, पण उतार त्यांना आपल्याच बळावर उतरावयाचा असतो. युरोपातील कायद्याप्रमाणे मोटरीचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरांवर बंद पडते. तेव्हा वेगाच्या उतारावर मोटर हे निव्वळ ओझे उरते, आणि सायकल हाती राहणे सर्वस्वी तिच्या घडणीवर अवलंबून असते.

चढावर मात्र मोटरीचा स्वभाव फार मोलाचा. पायाचा दाब ओळखणारी योजना तिच्यात असते. दाब सुटताच मोटर थांबली, तर ती पायाची दासी. थांबल्यावरही क्षणभर ओढीत राहिली, तर आखूड वळणावर स्वारास वाटेबाहेर ढकलते. म्हणून नुसत्या जोराचे आकडे पाहून भुलू नये. शिमानो कंपनीच्या २०२० सालच्या ईपी-८ मोटरीचा फिरविण्याचा जोर ८५ न्यूटन-मीटर होता. स्पेनमधील ऑर्बिया कंपनीने त्याच वर्षी आपल्या ‘राइज’ सायकलीसाठी तो मुद्दाम ६० वर आणला व बॅटरीही लहान ठेवली. अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० च्या आरंभी ‘लेव्हो एसएल’ काढली, तीत तर जोर अवघा ३५ न्यूटन-मीटर व बॅटरी ३२० वॅट-तासांची. उंची नमुन्याचे वजन अठरा किलोंच्या आत. बळ कमी करून चापल्य विकत घेण्याचा हा सौदा त्या वेळी अनेकांस विक्षिप्त वाटला. तथापि इतर कारखानदारही लवकरच त्या वाटेने गेले.

भारी सायकलीची एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. स्प्रिंगांवर तोललेले अंग जड व चाके त्या मानाने हलकी असली, म्हणजे चाके जमिनीचा प्रत्येक खळगा चाटीत जातात व अंग शांत राहते. खडकाळ उतारावर ही शांतता अनेकांस प्रिय वाटते, आणि त्यांची आवड काही चुकीची नाही. मोटर मागच्या हबमध्ये असेल तर हा लाभही जातो, कारण तिचे वजन चाकाच्याच पदरात पडते.

खरेदीपूर्वी दुकानाच्या आवारात एवढे करून पाहावे. मोटर बंद ठेवून अगदी सावकाश आठाच्या आकड्यात सायकल फिरवावी, मग अंग मागे टाकून पुढचे चाक उचलावे. नंतर मोटर चालू करून वळणात मध्येच पाय थांबवावा व ओढ किती वेळ राहते ते पाहावे. लांबच्या फेरीची चिंता असेल, तर लेव्हो एसएलसारख्या सायकलीस पाण्याच्या बाटलीच्या जागी १६० वॅट-तासांची जोडबॅटरी लावता येते. लांब पल्ल्याच्या दिवशी ती लावावी, आणि जवळच्या टेकडीवर खेळावयाचे असेल त्या दिवशी घरी ठेवून जावे.