पायरी, फाँट आणि लेखनिक

मुकुटबनहून वणी तीस-पस्तीस किलोमीटर. झरी जामणी तालुक्यातली ही बाजारपेठ. पलीकडे तेलंगणाची हद्द, आसपास कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड, कोळशाची खाण, अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना. पदवी करायची म्हटलं की इथली बरीच मुलं वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचा रस्ता धरतात. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरांहून लांब, आणि विद्यापीठ अमरावतीला, म्हणजे दोनशेच्याही पुढं. धडधाकट पोराला ही अंतरं एसटीच्या वेळापत्रकानं कळतात. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याला आणखी काही मापं लावावी लागतात. बसची पायरी किती उंच, नोट्स कोणत्या फाँटमध्ये, परीक्षेला लेखनिक मिळणार की नाही.

गेल्या तीस वर्षांत या वाटेवर बरंच काही आलं. दोन कायदे आले, यूजीसीच्या योजना आल्या, संगणक बोलू लागला, मग मोबाइल बोलू लागला. मागं वळून पाहताना खटकतं ते एवढंच, की बहुतेक वेळा आधी वस्तू ठरली आणि ती कोणाच्या उपयोगाची, हे नंतर शोधलं गेलं.

याला एक जुना अपवाद मुकुटबनच्या जवळच आहे. वणी ओलांडून पुढं गेलं की वरोरा. तिथं बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारायला घेतलं. पुढं त्याच आवारात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आल्या, अपंगांना हाताला काम शिकवणारं संधिनिकेतन आलं. १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं, आणि ते पंचक्रोशीतल्या सगळ्यांसाठी. शाळा, राहण्याची जागा, काम आणि कॉलेज यांतलं अंतर कुबड्यांवरही कापता येईल एवढं. बोलणारा संगणक तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण आज ज्या गोष्टीवर ग्रामीण कॉलेजांचं घोडं अडतं, मुलानं वर्गापर्यंत पोचायचं कसं, ती तिथं सर्वांत आधी सुटली होती.

पुस्तकांचा प्रश्न मात्र कुठंच सुटलेला नव्हता. भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत उभी राहिली, आणि शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळू लागली. कॉलेजचा अभ्यासक्रम मात्र दर काही वर्षांनी बदलतो, विषय शेकड्यांनी असतात आणि एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये जाडजूड खंड होतात. त्यामुळं अंध विद्यार्थ्याचं खरं साधन म्हणजे वाचून दाखवणारा मित्र आणि टेपरेकॉर्डर. परीक्षेच्या तोंडावर मित्रालाही स्वतःचा अभ्यास असतो, ही त्यातली गोम. मराठी ब्रेलमधलं पाक्षिक 'स्पर्शज्ञान' स्वागत थोरात यांनी सुरू केलं तेसुद्धा २००८ मध्ये. म्हणजे ताजं, रोजच्या जगातलं वाचन बोटांखाली यायला नवं शतक उजाडावं लागलं.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा १९९६ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित संस्थांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. यूजीसीनं 'हेप्सन' नावाची योजना आणली. कॉलेजात मदत कक्ष उघडा, इमारतीत उतार करा, खास उपकरणं घ्या, पैसे आम्ही देतो, असा तिचा मथितार्थ. कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती तिच्यात नसलेल्या गोष्टीत. स्कॅनर, ब्रेल छपाईचं यंत्र, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरची सीडी घेता येत होती. ती चालवणाऱ्या माणसाचं कायम पद कॉलेजच्या आकृतिबंधात नव्हतं. एखाद्या हौशी प्राध्यापकाकडं तो कार्यभार यायचा, आणि त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की कपाटाची किल्ली कोणाकडं, इथून सुरुवात.

नंतर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं या विषयाला गुण दिले. मूल्यांकनाच्या सातव्या निकषात अपंगांसाठी सोयीच्या आवाराचा मुद्दा आला: उतार किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, स्पर्शानं कळणाऱ्या खुणा आणि पाट्या, स्क्रीन रीडरसारखी साधनं, वाचक-लेखनिकाची सोय. यांतल्या किती गोष्टी आहेत त्यावर गुण, आणि पुरावा म्हणून ठिकाणाची नोंद असलेला फोटो. या मुद्द्यानं गावोगावच्या कॉलेजांत सिमेंटचे उतार आले हे खरं, आणि ते चांगलंच झालं. पण फोटोत उताराचा चढ किती खडा आहे ते दिसत नाही. वरच्या मजल्यावर भरणारा भूगोलाचा वर्ग तर त्या चौकटीत येतच नाही.

मुंबईत मात्र एका कॉलेजनं उलट्या टोकाकडून सुरुवात केली. सेंट झेवियर्समध्ये २००३ साली दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं, डॉ. सॅम तारापोरवाला यांनी ते वाढवलं. विद्यार्थ्याला पुस्तक वाचता येत नाही, ते का, असा माग काढत हे लोक थेट कॉपीराइट कायद्यापर्यंत गेले. छापील पुस्तक स्कॅन करून अंध वाचकाला देणं तोवर कायद्यात बसत नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीनं ते बसलं. पुढच्याच वर्षी मराकेशमध्ये या विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये भारतानं त्याला सर्वांत आधी मान्यता दिली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच कॉलेजातून राज्यशास्त्र शिकल्या, पुढं स्क्रीन रीडरच्या आधारानं अभ्यास करून २०१६ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत १२४ व्या आल्या आणि आयएएस झाल्या. त्यांचं नाव कौतुकानं सगळीकडं घेतलं जातं. त्यांच्यामागं पुस्तक वाचण्याजोगं करून देणारी आख्खी यंत्रणा होती, हे सांगायचं राहून जातं.

ती यंत्रणा मुकुटबनच्या मुलापर्यंत यायची तर वाटेत एक मराठी अडचण बसली होती. तिचं नाव फाँट.

जॉज हा स्क्रीन रीडर हजारो रुपयांचा. तो घेणं ग्रामीण घराच्या आवाक्यातलं नव्हतं. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला. ईस्पीकच्या यांत्रिक आवाजात तो मराठीही बोलू लागला. पैशांची अडचण तिथं मिटली. पण नोट्स, प्रश्नसंच आणि सूचना टाइप झालेल्या असत त्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमध्ये 'महाराष्ट्र' लिहिलं तर डोळस माणसाला 'महाराष्ट्र' दिसतं आणि स्क्रीन रीडर त्याची सुरुवात 'ई, जी, के, जे, के' अशी करतो. चाळीस पानांच्या नोट्स अशा ऐकून पाहाव्यात! युनिकोडमध्ये टाइप केलेलं तेच पान सरळ वाचलं जातं. खर्च शून्य, लागते ती टायपिंगची सवय बदलण्याची तयारी. सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती ती हीच, आणि सगळ्यांत सावकाश झाली तीही हीच. अजून पुरती झालेली नाही. फाँटच्या अडचणीची दुसरी बहीण म्हणजे मोबाइलवर काढलेल्या पानांच्या फोटोची पीडीएफ. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान. त्यातली अक्षरं ओळखून घेणारी ॲप आता मराठीलाही सरावली आहेत, पण घाईच्या हस्ताक्षरापुढं तीही हात टेकतात.

२०१६ हे वर्ष या हकिगतीत वेगळं काढून ठेवावं असं. २४ ऑगस्टला केंद्र सरकारनं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. पंधरवडा उलटायच्या आत, ५ सप्टेंबरला, स्वस्त डेटा देणारं जिओ बाजारात आलं. डिसेंबरात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा संसदेनं केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, त्यात वाचन-लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमताही आली. उच्च शिक्षणातल्या राखीव जागा पाच टक्क्यांवर गेल्या. २०१७ च्या ऑगस्टात गुगलनं मराठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. यांतलं कॉलेजच्या पोरांचं जगणं सर्वांत आधी कशानं बदललं असेल, तर स्वस्त डेटानं. संगणक कक्षाची किल्ली लागत नव्हती, अर्ज लागत नव्हता. यंत्र खिशातच होतं. मुकुटबनच्या आसपासच्या पोडांवर बोलली जाणारी कोलामी मात्र या बोलक्या फोनला येत नाही. कोलाम मुलगा अंध असेल तर त्याला ऐकायचंही परक्या भाषेतच.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या वाट्याला यातलं फार कमी आलं. भारतीय सांकेतिक भाषेसाठीची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाली, २०१८ मध्ये तिचा तीन हजार शब्दांचा कोश निघाला. पण तासाला वर्गात उभा राहणारा दुभाषी ग्रामीण कॉलेजला आणायचा कुठून आणि त्याला मानधन द्यायचं कोणत्या शीर्षाखाली, हे प्रश्न तसेच आहेत. फळ्याकडं तोंड करून शिकवणारे सर तेवढे वळून बोलले तरी ओठ वाचणाऱ्या मुलीचा अर्धा तास वाचतो.

परीक्षा आली की सगळ्यांचंच लेखनिकापाशी येऊन थांबतं. २०१३ मध्ये केंद्रानं नियम घालून दिले, त्यात तासामागं किमान वीस मिनिटं जादा वेळ ठरला. २०१८ मध्ये ते सुधारले. तरी अपंगत्व किमान चाळीस टक्के असण्याची अट होतीच. हाताला गोळे येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांचा दाखला लागलाच पाहिजे असं नाही, हे स्पष्ट केलं. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. नियम असे पुढं गेले. मात्र सकाळच्या पेपरला वणीला हजर राहील, विषयातले शब्द नीट लिहील आणि स्वतःची परीक्षा नसेल असा मुलगा शोधण्याचं काम बहुतेकदा विद्यार्थ्याच्या घरच्यांवरच पडतं.

मग कोरोना आला. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०१९-२० साली ९२,८३१ अपंग विद्यार्थी नोंदले गेले होते; २०२०-२१ मध्ये ते ७९,०३५ झाले. त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थीसंख्या वाढली होती, हे लक्षात घेतलं की आकडा अधिक बोचतो. महाराष्ट्रात त्याला जोड मिळाली एसटीच्या संपाची: ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. अपंग प्रवाशाला एसटीच्या भाड्यात मोठी सवलत आहे. गाडीच बंद असेल तर सवलतीचं करायचं काय? काळीपिवळीत दाटीवाटीनं बसायला कुबड्यावाल्याला जागा कोण देणार?

यूजीसीची सुगम्यतेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं समिती नेमायला सांगितलं होतं ते डिसेंबर २०१७ मध्ये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात त्याच न्यायालयानं सुनावलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

अमरावती विद्यापीठाच्या हद्दीतलं अलीकडचं ठळक नाव माला पापळकर यांचं. बेवारस सापडलेली ही दृष्टिहीन मुलगी शंकरबाबा पापळकर यांच्या वझ्झरच्या आश्रमात वाढली, अमरावतीत शिकली आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत उत्तीर्ण झाली. शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. वझ्झर असो की आनंदवन, पाठीशी राहणारं एक घर होतं. राहणं-जेवणं, ने-आण, वाचून दाखवणं सगळं त्यातच आलं. मुकुटबनहून एकट्यानं निघालेल्या मुलाला तेवढं कॉलेजकडून मिळायला हवं.

ते कसं असतं याचा नमुना अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात सापडतो. पोलिओनं मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्‌स १९६२ मध्ये तिथं दाखल झाले, आणि १९७० मध्ये अपंग विद्यार्थ्यांनी स्वतःच आपला मदत कार्यक्रम सुरू केला. त्यात होतं काय, तर मदतनीस शोधून देणं, राहायला जागा पाहून देणं आणि चाकाची खुर्ची मोडली तर दुरुस्त करून देणं. आपल्याकडं १९८१ पासून 'ॲडिप' योजनेतून तीनचाक्या, श्रवणयंत्रं, अलीकडे बॅटरीवरच्या गाड्याही वाटल्या जातात; बऱ्याचशा कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतात. हातानं चालवायच्या तीनचाकीचं पंक्चर मुकुटबनचा सायकलवाला काढून देतो. बॅटरी बसली किंवा कंट्रोलर जळला, की गाडी व्हरांड्यात उभी आणि सेमिस्टर निघून जातं.

प्रवेश अर्जात 'दिव्यांग: होय / नाही' असा रकाना असतो, तो आरक्षणासाठी. त्याच्याच खाली 'काय लागेल?' अशी आणखी एक ओळ टाकता येते. कोणी लिहील, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. कोणी लिहील, माझा वर्ग खाली घ्या. कोणी युनिकोड नोट्स मागेल. लेखनिकांची यादी एनएसएसच्या मुलांमधून सप्टेंबरातच करून ठेवता येते, पेपरच्या आदल्या रात्री धावाधाव उरत नाही. वर्ग तळमजल्यावर आणायला यूजीसीचं अनुदानही लागत नाही. वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकांना ही गरज जूनमध्येच कळलेली असावी लागते, कारण जुलैत खोल्यांची वाटणी होऊन गेलेली असते.