मधल्या प्रतीचे जुने नाणे : मोल किती द्यावे?

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या नगरांतील जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडावयाचा थोडासा ऐवज अद्यापि आढळतो. चार-दोन राणीछाप रुपये, एखादा गायकवाडी वा होळकरी शिक्का, क्वचित चारमिनारचे चित्र असलेला निजामशाही रुपया. ही नाणी पेटीत जपलेली नसतात. ती बाजारातून, गाठोड्यांतून, अनेक हातांतून फिरून आलेली असतात. त्यांचा उठाव झिजलेला असतो. परंतु तोंडवळा, साल आणि अक्षरे शाबूत असतात. नाणकशास्त्रात यांना मधल्या प्रतीची नाणी म्हणावे. कोरे करकरीत नाणे आणि अगदी गुळगुळीत झालेला चकंदळा, या दोहोंची किंमत ठरविणे सोपे आहे. खरा पेच पडतो तो या मधल्या नाण्यांपाशी. आणि संग्राहकांचा बहुतेक पैसा खर्च होतो तो नेमका याच नाण्यांवर.

प्रथम प्रतीचा विचार करू. व्यापारात चढत्या क्रमाने गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा पायऱ्या मानतात. या नावांनी नवशिक्याची फसगत होते. ‘फाइन’ म्हणजे उत्तम, असे त्यास वाटते. वस्तुतः ते बरेच झिजलेले नाणे होय. व्हिक्टोरियाचा रुपया हाती घ्यावा. मुकुट, केस आणि वस्त्रावरील नक्षी हे त्यावरील उंच भाग. झीज तेथूनच सुरू होते. नक्षीचा बराच भाग पुसला जाऊन आकृतीची रूपरेषा तेवढी स्पष्ट राहिली असेल, तर ते ‘फाइन’. मुकुटातील रत्ने आणि वस्त्रावरील बहुतेक वेलबुट्टी ओळखू येत असेल, तर ‘व्हेरी फाइन’. या दोन पायऱ्यांच्या दरम्यान आपला विषय येतो.

कोणत्याही चांदीच्या नाण्यास किंमतीचा एक तळ असतो, तो म्हणजे धातूचे मोल. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा; त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. अर्थात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून हा कस निम्म्यावर आणला गेला, म्हणून त्यानंतरच्या चांदीच्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच आहे. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. हैदराबादच्या चारमिनार-छाप रुपयात साधारण ९.१४ ग्रॅम चांदी भरते. हिशेबापुरता किलोचा भाव एक लाख रुपये धरला, तर या तीन चांदीच्या नाण्यांचा तळ अनुक्रमे १०६९, ५८३ आणि ९१४ रुपये येतो. त्या दिवशीचा खरा भाव विचारून हे गणित आधी करावे. झिजलेल्या नाण्याचे वजन किंचित कमी भरते, हेही ध्यानी असावे. या तळाखाली विकणारा नुकसानीत जातो. तळावर जे अधिक द्यावयाचे, ते कशासाठी द्यावयाचे, हे मात्र घेणाऱ्याने स्वतःस विचारले पाहिजे.

हा अधिकचा भाग प्रतीवरून ठरावा, अशी एक कल्पना अमेरिकेत निघाली होती. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी बसविली. ७० गुणांच्या नाण्यास १ गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किंमत यावी, असा त्यामागील हिशेब होता. पुढे बाजारभाव त्या प्रमाणात राहिले नाहीत. गुणांचे आकडे तेवढे उरले. १९८६-८७ पासून अमेरिकेतील प्रतवारी-संस्था नाण्यास डबीबंद करून हेच आकडे देऊ लागल्या. त्यात १२ व १५ म्हणजे ‘फाइन’, २० ते ३५ म्हणजे ‘व्हेरी फाइन’, ४० व ४५ म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’. परंतु ४० च्या नाण्यास २० च्या दुप्पट पैसे द्यावेत, असा नियम त्यावरून निघत नाही. किंमत ठरते ती त्या प्रतीची किती नाणी मिळतात आणि ती मागणारे किती, यावरून.

तीन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये सुमारे वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्या काळात पंचम जॉर्जचे रुपये अमाप पाडले गेले. म्हणून १९१८ ते १९२० चा झिजलेला रुपया धातूच्या भावापेक्षा फारसा महाग घेण्याचे कारण नाही. चांगल्या प्रतीचा हवा तर थोडे थांबावे, तोही मिळतो.

दुसरे उदाहरण १९११ च्या रुपयाचे. राजाच्या वस्त्रावरील हत्तीची सोंड आखूड दिसते, त्यामुळे तो डुकरासारखा भासतो, अशी ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सुमारे सात लाखच नाणी बाहेर पडली होती. उरलेली वितळविली गेली आणि १९१२ पासून चित्र सुधारले. हे नाणे प्रसिद्ध आहे, म्हणून त्यास धातूहून बराच अधिक भाव येतो. तथापि सात लाख ही संख्या लहान नव्हे. लिलावांत ते वारंवार येते. ‘पुन्हा मिळणार नाही’ या विक्रेत्याच्या बोलण्याने घाईस येऊ नये.

तिसरे १९३९ च्या रुपयाचे. ते खरोखर दुर्मीळ. येथे झिजलेल्या प्रतीसही मोठी किंमत पडते, कारण चांगल्या प्रतीसाठी थांबणाऱ्यास कदाचित जन्मभर थांबावे लागेल. तात्पर्य, सामान्य सालात झीज किंमत खाली ओढते. दुर्मीळ सालात तीच झीज पुष्कळशी माफ होते. आणि ज्याचे मोल केवळ सालाच्या आकड्यावर अवलंबून, त्या नाण्याचा आकडा भिंगातून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत. शेवटचा अंक कोरून बदललेला असू शकतो.

आता प्रत्यक्ष आकडा कसा काढावा? दुकानदाराने मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. विकले गेले तो भाव हाच पुरावा. लिलाव-संस्था आपले निकाल प्रसिद्ध करतात. त्याच सालाच्या, त्याच टाकसाळीच्या आणि त्याच प्रतीच्या चार-पाच विक्री टिपून घ्याव्यात. समजा, त्या १८००, २०००, २१०० आणि ३६०० रुपये अशा आल्या. शेवटचा आकडा बहुधा दोन हट्टी बोलीदारांच्या चुरशीचा असतो. तो बाजूस ठेवावा. उरलेल्यांची सरासरी दोन हजारांच्या आत येते. तीच आपली मर्यादा. लिलावात बोलीवर संस्थेचे कमिशन आणि कर चढतो. कमिशन वीस टक्के धरले तर २००० ची बोली कर सोडूनही २४०० ला पडते. म्हणून मर्यादा नेहमी सर्व खर्चासह ठरवावी आणि ती कागदावर लिहून मगच बोलीस बसावे.

या मर्यादेतून दोषांची वजावट करावयाची. आपल्याकडे रुपयांना कडी डागून गळ्यात घालण्याची रीत होती. कडी काढली तरी झाळ आणि घासल्याची खूण राहते. असे नाणे निम्म्या भावासही महाग समजावे. भोक बुजविलेले नाणे त्याहून खालचे. परंतु घरोघरी घडणारा दोष निराळाच आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी राख-चिंचेने रुपये लख्ख घासण्याची पद्धत! दरवर्षीच्या या घासण्याने उठावाची धार जाते, शतकाची सावळी झाक नाहीशी होते आणि जाणकार ग्राहक मागे सरतो. पूजेत नाणे अवश्य मांडावे. हळदकुंकू कोरड्या, मऊ फडक्याने अलगद टिपावे. घासू मात्र नये.

खोट्या नाण्यांपासून सावध राहण्यास वजन हा पहिला पहारेकरी. १९४० पूर्वीचा खरा रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात बुडविला तर वजनात सुमारे १.१३ ग्रॅमची घट दिसते. हलक्या धातूच्या नकलेत ती अधिक भरते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने विकले जाणारे रामदरबाराचे वा हनुमंताचे तांब्याचे टांक ही तर चलनी नाणीच नव्हेत. त्यांत तांदूळ ओढण्याची शक्ती असल्याची कथा हे शुद्ध फसवणुकीचे साधन आहे. जुन्या नाण्यास लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्या भामट्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. आणखी एक गोष्ट : शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याखाली येतात. परदेशी राहणाऱ्या आप्तास ती भेट म्हणून पाठविता येत नाहीत.

शेवटी विकणाऱ्या कुटुंबांविषयी. घर बदलताना किंवा वाटणी होताना हा ऐवज सराफाच्या तराजूत पडतो आणि मुशीत जातो. सयाजीराव महाराजांची मुखाकृती व देवनागरी अक्षरे असलेला बडोद्याचा रुपया, किंवा माधवराव शिंद्यांच्या छापाचा ग्वाल्हेरचा तांब्याचा पाव आणा, यांस धातू म्हणून काय मोल येणार? आपली माणसे या नगरांत कशी नांदली, त्याची ती सरकारी साक्ष आहे. मोडीस देण्यापूर्वी प्रत्येक नाणे निराळे काढावे, साल टिपावे, वजन करावे आणि दोन निरनिराळ्या जाणकारांकडून भाव विचारावा. एका संध्याकाळचे हे काम आहे. घेणाऱ्याने मर्यादा ठरवून घ्यावे आणि विकणाऱ्याने ओळख पटवून विकावे. मग झिजलेल्या नाण्याचेही मोल दोघांच्या पदरी यथायोग्य पडते.