मेल येतो, पण जात नाही!

आमच्या निजामपुऱ्यात मागांच्या खडखडाटात कितीतरी जणी घरबसल्या कापडाची बिलं करतात. परवा शेजारच्या वहिनींचा ‘थंडरबर्ड’ रुसला. जीमेलचं खातं, सारखा पासवर्ड मागे. बिल पोचल्याशिवाय व्यापारी थोडाच पैसे सोडतोय!

मैत्रिणींनो, अशा वेळी पासवर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका. ३० मे २०२२ पासून जीमेल अशा प्रोग्रॅमला नुसत्या नेहमीच्या पासवर्डावर आत घेत नाही. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’समोर ‘ओऑथ२’ निवडा. हे आवक आणि जावक, दोन्ही सर्व्हरला करायचं बरं का! जावकचं राहून गेलं की मेल येतो, पण जात नाही. वहिनींचं तेच झालं होतं. कुकीज बंद असतील तर त्याही चालू करा.

आणि फोटो जोडताय? जीमेलची मर्यादा २५ एमबी.